स्वप्न सांगावं कुणाला?

आजोळी गेलेल्या भरताला पहाटे स्वप्न पडतं. वडील दिसतात, केस मोकळे सुटलेले, अंग मळलेलं. डोंगराच्या कड्यावरून ते शेणाच्या डबक्यात कोसळतात. त्या डबक्यात तरंगत ओंजळीनं तेल पितात आणि हसतात. मग अंगभर तेल माखून तेलातच बुडी घेतात. शेवटी तांबडी माळ घालून, गाढवं जुंपलेल्या रथात बसून दक्षिणेकडे निघून जातात. वाल्मीकि रामायणाच्या अयोध्याकांडात, ६९व्या सर्गात हे वर्णन आहे. मित्र भरताला हसवायला बघतात, गाणी-गोष्टी करतात. भरत काही हसत नाही. गाढवांच्या रथातून जाताना जो दिसतो त्याच्या चितेचा धूर लवकरच दिसतो, एवढं त्याला ठाऊक आहे. दिसले आहेत वडील, तरी तो एकट्या वडिलांचं नाव घेत नाही. मी, राम, राजा किंवा लक्ष्मण, आमच्यापैकी कुणीतरी जाणार, असं म्हणतो.

वाचणाऱ्याला मात्र आधीच कळलेलं असतं, की दशरथ गेलेला आहे आणि मुलगा परत येईपर्यंत टिकावा म्हणून त्याचा देह अयोध्येत तेलाच्या द्रोणीत ठेवलेला आहे. वसिष्ठांचे दूत त्याच रात्री भरताच्या आजोळी, केकयांच्या नगरीत येऊन पोचतात, मृत्यूची बातमी फोडायची नाही अशी ताकीद घेऊन. बातमी लपवणारे दूत वेशीच्या आत शिरतात आणि बातमी स्वप्नातून आधीच आत पोचलेली असते.

या स्वप्नातलं तेल, तांबडी फुलं, गाढव, दक्षिण दिशा हे काही कवीच्या मनाचे खेळ नव्हेत. सुंदरकांडात लंकेतली त्रिजटा स्वप्न सांगते तेव्हा रावणही असाच दिसतो: मुंडन केलेला, तेल प्यायलेला, तांबड्या वस्त्रांतला, गाढवांच्या रथातून दक्षिणेला निघालेला. राम पांढऱ्या वस्त्रांत, पांढऱ्या माळांत. दक्षिण यमाची, मुंडन सुतकाचं. ही सगळी खुणांची भाषा ऐकणाऱ्यांच्या रोजच्या आचारातून आलेली, म्हणून अशोकवनातल्या राक्षसिणींनाही एकेका खुणेचा अर्थ फोडून सांगावा लागला नाही.

पण मला या कथेत भरताइतकाच दशरथ महत्त्वाचा वाटतो. अयोध्याकांडाच्या चौथ्या सर्गात तो रामाला एकट्याला बोलावून सांगतो, की मला हल्ली अशुभ स्वप्नं पडतात, उल्का कोसळताना दिसतात, जन्मनक्षत्रावर क्रूर ग्रह आले आहेत. तेव्हा माझी बुद्धी ठिकाणावर आहे तोवर, उद्याच अभिषेक उरकून घेऊ. आणि भरत इथे नाही तोवरच झालेला बरा, असंही म्हणतो. स्वप्नाचा अर्थ त्यानं चुकीचा लावला असं नाही. मरण जवळ आलंच होतं. पण त्या अर्थानं जी घाई झाली, भरताच्या पाठीमागे जे उरकायचं ठरलं, त्यातच कैकेयीच्या दासीला, मंथरेला बोलायला जागा सापडली. घरच्या कर्त्या माणसानं स्वप्न मनावर घेतलं की काय होतं, ते इथं बघावं.

आपल्या घरांतही हे मनावर घेणं चालूच असतं. सासरे स्वप्नात आले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पितरांचं पान चुकलं. साप दिसला तर देवाचं काहीतरी राहिलंय, कुलस्वामिनीची ओटी भरून या. वाईट स्वप्न कुणी माणसाला न सांगता तुळशीला सांगतं. पहाटेचं खरं होतं, हे तर सगळ्यांनाच पाठ. प्रहरांचा हिशेब पुराणांत आहे: पहिल्या प्रहरातलं वर्षभरानं फळतं, उजाडताना पडलेलं लगेच. मधल्या प्रहरांच्या मुदतींवर मात्र ग्रंथांचं एकमत नाही.

आयुर्वेदातल्या चरकसंहितेचं इंद्रियस्थान उघडलं तर आधी चाळणी हाती येते. स्वप्नं सात प्रकारची. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं, ही पाच वैद्यानं निष्फळ समजावीत. दोषांमुळे पडणारं आणि पुढचं सुचवणारं, ही दोनच बघायची. म्हणजे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ या म्हणीनं जो ढीग बाजूला होतो, तो चरकानंही बाजूलाच काढला. दिवसा पडलेलं, फार छोटं, फार लांबलेलं, हेही बाद. वाईट स्वप्नानंतर त्याच रात्री चांगलं पडलं तर फळ चांगल्याचं. आणि स्वप्न पाहून जो पुन्हा झोपत नाही, त्याला ते मोठं फळ देतं.

हा शेवटचा नियम जैनांच्या कल्पसूत्रात डोळ्यांसमोर घडतो. महावीरांच्या वेळी गर्भवती त्रिशलेला हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, माळा, चंद्र, सूर्य असं करत निर्धूम अग्नीपर्यंत चौदा स्वप्नं पडतात. ती मध्यरात्री उठून नवऱ्याला, राजा सिद्धार्थाला सांगते. तो आनंदून आपल्या परीनं अर्थ लावतो. मग ती आपल्या शय्येकडे परतते, पण झोपत नाही. एखाद्या वाईट स्वप्नानं चांगल्यांवर पाणी पडू नये म्हणून धर्मकथा आठवत रात्र जागून काढते. सकाळी राजा स्वप्नलक्षणपाठकांना बोलावतो. ते एकदम बोलत नाहीत. आधी आपसांत चर्चा करतात, एकमत करतात आणि मग सांगतात: एकूण स्वप्नं बहात्तर, त्यांत महास्वप्नं तीस; तीर्थंकराची किंवा चक्रवर्तीची आई त्यातली चौदा पाहते, वासुदेवाची सात, बलदेवाची चार. दिगंबर परंपरेत चौदाऐवजी सोळा स्वप्नं, म्हणून कोल्हापूर-सांगलीकडच्या पंचकल्याणक पूजेत गर्भकल्याणकाला सोळा दिसतात. श्वेतांबरांकडे पर्युषणात महावीरजन्मवाचनाच्या दिवशी चांदीची चौदा स्वप्नं दोरीनं वरून खाली उतरवतात, आणि तो मान बोली लावून घेतात. राणीचं स्वप्न आणि दरबारात बसलेले ब्राह्मण अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यातही भेटतात. तिथं ती बुद्धाची आई मायादेवी.

त्रिशला आणि माया राण्या होत्या, ऐकणारे त्यांच्या बाजूचे होते. सतराव्या शतकातल्या बहिणाबाईचं तसं नव्हतं. वेरूळजवळच्या देवगावची ही ब्राह्मणाची मुलगी, नवरा वेदपाठी आणि वयानं खूप मोठा. कोल्हापुरात तिचं लाडकं वासरू गेलं, ती दिवस दिवस निपचित पडली, आणि स्वप्नात तुकारामांनी येऊन उपदेश केला. त्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. कीर्तनात त्यांचे अभंग ऐकले होते. चरकाची चाळणी लावली तर हे ‘ऐकलेलं’, म्हणजे निष्फळ. नवऱ्याची चाळणी निराळी होती: शूद्र, आणि ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू? त्यानं तिला मारलं, घर सोडून जायचं ठरवलं. पुढे स्वतः आजारी पडला, पस्तावला, आणि दोघं देहूला आली. खुद्द तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश माघ शुद्ध दशमीला स्वप्नातच झालेला. त्यामुळे तिचं स्वप्न तिथं कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. तरीही देहूत तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीनं या कुटुंबाला छळलंच. हे सगळं, नवऱ्याच्या मारासकट, बहिणाबाईनं आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः लिहून ठेवलं आहे.