गायनातील उच्चार आणि अस्मिता

गायकाचे गातानाचे उच्चार त्याच्या बोलण्यातील उच्चारांसारखेच असतात असे नाही. ब्रिटिश रॉक गायकांच्या अमेरिकन वळणाच्या उच्चारांचा विचार करताना पीटर ट्रडगिल या भाषावैज्ञानिकाने १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्या समूहास आदर्श मानले जाते त्याच्याशी जवळीक साधण्याचा हा प्रयत्न असतो. बीटल्सच्या उत्तरकालीन गीतांत हे वळण ओसरलेले दिसते.

मराठी गायकांसमोरही हा प्रश्न उभा राहिला आहे. मराठीभाषक गायिकेच्या उर्दू उच्चारांविषयी दिलीपकुमार यांनी शंका व्यक्त केल्यावर लता मंगेशकर यांनी शिक्षकाकडून उर्दूचे धडे घेतले. तेथे प्रतिष्ठित उच्चार ही व्यवसायाची अट होती. उलट ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटातील ‘याड लागलं’ या गीताच्या शीर्षकातच ‘वेड’चे ग्रामीण रूप अभिमानाने येते.

तथापि भावगीताच्या परंपरेत प्रमाण उच्चारच आदर्श मानला गेला. दिंडोरीसारख्या तालुक्यातील एखादा विद्यार्थी घरी ‘पानी’ म्हणतो आणि व्यासपीठावर ‘पाणी’ गातो. हा संकेत त्याने अवश्य शिकावा. परंतु घरचा ‘न’ हा दोष नसून बोलीचा नियम आहे, हे अध्यापकाने त्याला सांगितले पाहिजे. अन्यथा गाणे शिकताना तो स्वतःच्या बोलीची लाजही शिकेल.