कैचीच्या दांड्याची खरी लांबी

१८ जानेवारी १९७८. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात पहाटे सव्वाचारच्या सुमारास ‘सिव्हिक सेंटर’ या क्रीडागृहाचं छप्पर कोसळलं. सुमारे चौदाशे टनांचा लोखंडी सांगाडा थेट खुर्च्यांवर आला. आदल्या रात्री तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता आणि जवळपास पाच हजार प्रेक्षक त्याच छपराखाली बसले होते. ते घरी गेल्यानंतर काही तासांनी हे घडलं, म्हणून कोणालाही इजा झाली नाही.

छपरावर बर्फ साचला होता, पण तो सांगाड्याला झेपायला हवा होता. शिवाय हे छप्पर साधंसुधं नव्हतं. सुमारे ९१ मीटर रुंद आणि ११० मीटर लांब असा तो त्रिमितीय सांगाडा फक्त चार खांबांवर उभा होता, आणि त्याचं डिझाइन संगणकाच्या मदतीने केलेलं होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही मोठी नवलाई होती. मग चुकलं कुठे?

ते कळण्यासाठी आधी कैची पाहू. छपराचा भार पेलणारा हा सांगाडा त्रिकोणांनी बनतो. चौकोनाच्या कोपऱ्यांत खिळे ठोकले तरी तो तिरका होतो, त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे कैचीतल्या प्रत्येक दांड्यावर मुख्यतः दोनच प्रकारचं बळ येतं, ताण किंवा दाब. गोडाऊनवर नेहमी दिसणारी फिंक पद्धतीची कैची घ्या. तिच्यात सात सांधे आणि अकरा दांडे असतात. अकरा दांड्यांतली बळं आणि टेकूंवरच्या तीन प्रतिक्रिया मिळून चौदा अज्ञात होतात. प्रत्येक सांध्यावर आडव्या आणि उभ्या बळांचं एकेक समीकरण मांडलं की समीकरणंही चौदाच होतात आणि उत्तर मिळतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ मध्ये हे उत्तर रेषा काढून शोधण्याची पद्धत मांडली. पुढच्या पिढ्यांतले इंजिनीअर मोठ्या कागदावर पट्टी-पेन्सिलने तेच करत. आज स्टॅड किंवा सॅपसारखं सॉफ्टवेअर डोळ्याची पापणी लवण्याआधी शेकडो दांड्यांचा हिशोब करून देतं.

हिशोब अचूकच असतो. पण सॉफ्टवेअरला छप्पर दिसत नाही. पडद्यावर काढलेल्या रेषा आणि बिंदू एवढंच त्याला ठाऊक असतं.

ताणलेला दांडा तुटेपर्यंत सरळ राहतो. दाबलेला दांडा मात्र मोडण्याच्या कितीतरी आधी बाजूला वाकतो. प्लॅस्टिकची मोजपट्टी दोन तळव्यांत उभी धरून दाबली की हे लगेच कळतं. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने यामागचं गणित मांडलं. सडपातळ दांड्याची लांबी दुप्पट झाली की वाकण्यापूर्वी तो पेलू शकेल असं ओझं चौथ्या हिश्श्यावर येतं. इथे लांबी म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. हार्टफर्डच्या मॉडेलमध्ये वरचे तीस फुटी दांडे मधोमध आडव्या आधाराने धरलेले आहेत, म्हणजे मोकळी लांबी पंधरा फूट, असं मानलं होतं. प्रत्यक्षात कडेच्या दांड्यांना तो आधार एकाच प्रतलात मिळत होता, दुसऱ्या दिशेला ते मोकळेच होते. त्यात छपराचं स्वतःचं वजनही सुमारे २० टक्क्यांनी कमी धरलं गेलं होतं. बांधकामाच्या वेळीच छप्पर अपेक्षेच्या दुप्पट खाली झुकल्याचं मोजमापात दिसलं होतं, तरी मॉडेलवरचा विश्वास ढळला नाही.

ही चूक आजही सहज होऊ शकते, आणि तीही आपल्याकडे. स्टॅडमध्ये वेगळं सांगितलं नाही, तर दांड्याची मोकळी लांबी म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर, असं सॉफ्टवेअर धरून चालतं. बारा मीटर गाळ्याच्या कैचीचा खालचा दांडा बिंदूंमुळे चार-चार मीटरच्या तीन तुकड्यांत विभागला जातो. कैचीच्या प्रतलात ही लांबी बरोबर आहे, कारण तिरपे दांडे त्याला तिथे धरून ठेवतात. पण आडव्या दिशेला शेजारच्या कैचीशी जोडणारा दांडा नसेल, तर मोकळी लांबी पूर्ण बारा मीटर होते. तिप्पट लांबी म्हणजे ताकद नवव्या हिश्श्यावर.

खालच्या दांड्यात तर ताण असतो, मग वाकायची भीती कशाला? पत्र्याच्या हलक्या छपराला वारा खालून उचलतो तेव्हा सगळं उलटं होतं आणि याच दांड्यात दाब येतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, पुण्यासाठी ३९. ४४ मीटर वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. छपराचा उतार आणि भिंतींतली उघडी जागा पाहून त्याला गुणांक लावतात. पत्र्याचं वजन मात्र चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो असतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा रायगडमध्ये वारा छपराला कसा उचलतो हे गावोगावच्या लोकांनी पाहिलं.

म्हणून सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने काही गोष्टी हाताने तपासायलाच हव्यात. वाऱ्याच्या उचलीचा भार स्वतंत्रपणे लावला आहे का, प्रत्येक दांड्याची दोन्ही दिशांची मोकळी लांबी भरली आहे का, आणि कैच्यांना एकमेकींशी जोडणारा नकाशातला प्रत्येक दांडा फॅब्रिकेटरने खरोखर बसवला आहे का.

शाळेच्या अंगणावर, मंगल कार्यालयावर किंवा पोल्ट्रीवर पत्र्याची शेड उभी करणाऱ्यांनी इंजिनीअरला दोन प्रश्न जरूर विचारावेत: वाऱ्याने छप्पर उचललं तर खालचा दांडा कशाने धरला आहे, आणि ती जोडणी नकाशात कुठे दाखवली आहे? उत्तर मिळेपर्यंत पत्रे चढवू नयेत.