जांभ्याचा गड : पन्हाळ्याचा दगड, बॉक्साइट आणि पाणी

पन्हाळ्याचा इतिहास आपण दुसऱ्या भोज शिलाहारापासून, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून सांगतो. गडावर पाणी का टिकले, हे मात्र राजवटींच्या याद्यांतून कळत नाही. त्यासाठी दगडाकडे जावे लागते.

गडाचा पाया काळ्या पाषाणाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचे हे थर. माथ्यावर मात्र लाल, सच्छिद्र जांभा. तो कुठून वेगळा आलेला नाही. त्याच काळ्या दगडाचा कुजून उरलेला अवशेष आहे. उष्ण हवा, मुबलक पाऊस आणि पाणी मुरू देणारा सपाट माथा असे लाखो वर्षे राहिले, की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी धुपून जातात, मागोमाग सिलिकाही. सहजी न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे उरते. लोहाचे गोएथाइट व हेमॅटाइट होते. दगडाचा रंग त्यांचा. ॲल्युमिनियमचे गिब्साइट होते. लोह कमी आणि गिब्साइट भरपूर असेल, तर त्याच दगडाला बॉक्साइट म्हणतात. निसर्गाने दोहोंत रेघ ओढलेली नाही. ती बाजारभावाने ओढली, असे मी म्हणेन.

फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली मलबारातील जांभ्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ म्हटले. उपमा चपखल आहे : खाणीत ओला असताना हा दगड हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. आपला ‘जांभा’ मला तरीही अधिक आवडतो.

कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या तालुक्यांतील अशाच माथ्यांवर बॉक्साइट सापडते. राधानगरीतील दुर्गमानवाडची खाण अनेकांना ठाऊक असेल. बॉक्साइट दळून कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विरघळवतात. ॲल्युमिना वेगळे निघते, लोह लाल चिखल होऊन मागे राहते. साधारण चार ते सहा टन बॉक्साइटमागे दोन टन ॲल्युमिना आणि त्यातून एक टन धातू, असा हिशेब.

या हिशेबात पाणी धरलेले नसते. जांभ्याचे कवच पावसाळ्यात स्पंजासारखे पाणी पिते. त्याखाली अर्धवट कुजलेल्या दगडाची पांढुरकी, चिकट माती असते. तिच्यातून पाणी सहसा खाली जात नाही, म्हणून ते बाजूला सरकत कड्याच्या पोटाशी झऱ्यांनी बाहेर पडते. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांहून अधिक चालला. तेवढा काळ गड तगला, त्यात धान्याच्या कोठारांइतकाच या कवचाचा वाटा असावा. तीनमजली अंधारबाव पाहताना बांधकामाबरोबर भोवतीचा दगडही पाहावा.

बॉक्साइट काढणे म्हणजे हे कवचच उचलणे. खड्डे नंतर भरता येतात, झाडेही लावता येतात. पण भरावाची माती जांभ्यासारखी पाणी धरून सावकाश सोडेलच असे नाही. म्हणून खाणपट्टा देण्याआधी माथ्याखालच्या प्रत्येक झऱ्याचे पाणी उन्हाळ्यात मोजून नोंदले पाहिजे. हे काम अवघड नाही : बादली, घड्याळ आणि गावातला एक माहीतगार माणूस पुरे.

खाण नसली तरी हीच चिकट माती डोंगराच्या कडेला घातक ठरू शकते. पाणी साचले की वरचा भार तिच्यावरून घसरतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला. अशा उतारावर नुसती भिंत उभारून भागत नाही. भिंतीमागच्या पाण्याला आधी वाट द्यावी लागते.