श्वेतपेशींचे आकर्षण आणि त्याची परीक्षा

शरीरात काटा रुतला असता थोड्याच वेळात त्या जागी श्वेतपेशी गोळा होतात. एली मेच्निकॉफ यांनी १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचून असा जमाव प्रत्यक्ष पाहिला. परंतु या पेशी तेथे बोलावल्या जातात, की इतस्ततः भटकत असता तेथे येऊन अडकतात, हा प्रश्न नुसत्या निरीक्षणाने सुटण्यासारखा नव्हता.

तो मोजमापाच्या कक्षेत आणण्याचे बरेचसे श्रेय स्टीफन बॉयडन यांच्या १९६२ मधील उपकरणास द्यावे लागेल. सूक्ष्मरंध्री पडद्याने पात्राचे दोन कप्पे करावयाचे. वर पेशी ठेवावयाच्या, खाली परीक्षणाचा द्राव. रंध्रे इतकी अरुंद असतात की पेशीला अंग चोरूनच त्यांतून सरपटावे लागते. ठरावीक वेळाने पडदा रंगवून पार झालेल्या पेशी मोजल्या की काम संपले, असे प्रथमदर्शनी वाटते.

येथेच फसगत संभवते. काही द्रव्ये पेशींना दिशा देत नाहीत, केवळ त्यांची हालचाल वाढवितात. आणि हालचाल वाढली की पडद्यापार जाणाऱ्यांची संख्याही वाढते. हे दोन परिणाम वेगळे करण्याची रीत सॅली झिगमंड व जेम्स हर्श यांनी १९७३ साली दाखविली. द्रव्याचे प्रमाण वरच्या व खालच्या अशा दोन्ही कप्प्यांत पायरीपायरीने बदलून बुद्धिबळाच्या पटासारखा तक्ता मांडावयाचा. दोन्हीकडे समप्रमाण असताना जेवढ्या पेशी पार होतात तेवढा भाग केवळ वाढलेल्या हालचालीचा समजावयाचा. त्याचा हिशेब वजा जाता, खाली प्रमाण अधिक असताना उरणारी वाढ हेच खरे आकर्षण. हा तक्ता कंटाळवाणा खरा. परंतु तो टाळून काढलेल्या निष्कर्षास फारशी किंमत देता येत नाही.

दाहस्थानी न्यूट्रोफिल पेशींना ओढणारे इंटरल्यूकिन-८ हे प्रथिन १९८७ साली ओळखले गेले. आज मानवात अशी सुमारे पन्नास लहान प्रथिने ज्ञात असून त्यांना केमोकाइन म्हणतात. त्यांपैकी सीसीएल-२ हे मोनोसाइट पेशींना बोलावते. दाहात ही हाक उपकारक ठरते. परंतु अर्बुदेही तेच प्रथिन स्रवतात. त्याच्या ओढीने आलेल्या मोनोसाइटांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा फुप्फुसातील प्रसार सुकर होतो, असे उंदरांवरील प्रयोगांतून २०११ साली दिसून आले.

मग ती हाक बंद करावी, हा विचार साहजिकच होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांना सीसीएल-२ विरोधी प्रतिपिंड दिले असता मोनोसाइट अस्थिमज्जेतच अडकून पडले व प्रसार रोखला गेला. उपचार थांबविताच मात्र ते रक्तात लोटले, फुप्फुसातील प्रसार पूर्वीपेक्षा बळावला आणि उंदीर लवकर दगावले. उपचार चालू असतानाच प्रयोग संपविला असता, तर यातले काहीच दिसले नसते. म्हणून अशा प्रयोगांत उपचारानंतरचा काळही पाहावा लागतो, आणि पेशींची मोजणी अर्बुदाबरोबरच रक्तात व अस्थिमज्जेतही करावी लागते.