एचपीच्या आकड्यापलीकडचा छोटा ट्रॅक्टर

2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी 1.34 हेक्टर जमीन आहे, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. एवढ्या रानासाठी 45-50 एचपीचा ट्रॅक्टर दारात उभा करणं अनेकांना परवडत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत, नऊ फुटांच्या ओळीत, वेलींचा विस्तार वाढल्यावर तो धडपणे फिरतही नाही. त्यामुळे 15 ते 30 एचपीचे छोटे डिझेल ट्रॅक्टर बागायतदारांच्या कामाचे झाले. पण ते घेताना पहिला प्रश्न आजही मोठ्या ट्रॅक्टरचाच असतो, ‘किती एचपीचा?’ आणि बहुतेक गैरसमजांची सुरुवात तिथूनच होते.

एचपी सारखा म्हणजे ताकद सारखी, असं धरून चाललं जातं. महिंद्राचा जिवो 245 आणि कुबोटाचा बी2441 हे दोन्ही 24 एचपीचे. जिवोला दोन सिलिंडर आहेत आणि पूर्ण शक्ती मिनिटाला 2300 फेऱ्यांवर मिळते. कुबोटाला तीन सिलिंडर आहेत आणि तीच शक्ती 2600 फेऱ्यांवर येते. एचपी हा पिळाचा, म्हणजे टॉर्कचा, आणि फेऱ्यांचा गुणाकार असतो. एक इंजिन कमी फेऱ्यांत जास्त पीळ देऊन तो आकडा गाठतं, तर दुसरं कमी पिळात जास्त फिरून. दोन्ही यंत्रं चांगलीच आहेत, पण लोड आल्यावर त्यांचा आवाज, कंप आणि स्वभाव वेगळा असतो. कागदावरच्या 24 या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

ओढण्याच्या कामात तर एचपीच्या आधी वजन येतं. महिंद्राच्या युवराज 215 चं वजन आठशे किलोच्या आत आहे. नांगरलेल्या, भुसभुशीत रानात ट्रॅक्टरला मिळणारी ओढ ढोबळमानाने, इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्यावरच्या वजनाच्या निम्म्याइतकी असते. त्यापुढे इंजिनात कितीही दम असला तरी चाकं जागेवर फिरतात, टायर झिजतो आणि डिझेल जळतं. चाक किती घसरतं हे घरच्या घरी मोजता येतं. मागच्या टायरवर खडूची खूण करायची आणि अवजार वर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत किती अंतर कापलं ते मोजायचं. मग अवजार मातीत घालून तेच पुन्हा करायचं. रिकाम्या फेऱ्यांत शंभर फूट आणि लोडखाली ऐंशीच फूट भरले, तर घसरण वीस टक्के झाली. मशागतीच्या रानात दहा-पंधरा टक्के घसरण चालते. त्याहून जास्त असेल तर चाकांना वजन लावावं, टायरची हवा तपासावी, नाहीतर फण कमी करावेत. याला एचपी वाढवणं हा इलाज नाही.

रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर यांना मात्र ओढीपेक्षा पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची, शक्ती लागते, आणि ती इंजिनाच्या एचपीपेक्षा नेहमी कमी असते. विक्रेत्याच्या पत्रकात मोठा आकडा इंजिनाचा असतो. पीटीओचा आकडा विचारून घ्यावा लागतो. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टरची शास्त्रशुद्ध चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओची शक्ती, ताशी डिझेल, लिफ्टची क्षमता, वळणाची त्रिज्या असं सगळं असतं. चार-पाच लाखांच्या खरेदीआधी हा अहवाल मागून वाचणारे फार थोडे, आणि ही खेदाची गोष्ट आहे. चोवीस एचपीच्या यंत्राला साडेतीन-चार फुटी रोटाव्हेटर शोभतो. ‘एका फेऱ्यात जास्त रान निघेल’ म्हणून पाच फुटी जोडला की इंजिन दबतं आणि पीटीओच्या फेऱ्या पडतात. मग रान नीट निघत नाही आणि त्याच ओळीत दुसरा फेरा मारावा लागतो.

लिफ्टच्या आकड्याचंही तसंच. ‘साडेसातशे किलो उचलतो’ हे खरं असलं, तरी तो आकडा बहुधा खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. ब्लोअरच्या टाकीचा भार त्या टोकाच्या बराच मागे पडतो. चारशे लिटर पाण्याचे चारशे किलो होतात, वर चौकट, पंप आणि पंखा. एवढं वजन मागे लटकलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो आणि चढावर तोंड वर उचलतो. रिकाम्या ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान वीस टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा. बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या काट्यावर, भरलेली टाकी जोडून फक्त पुढची चाकं चढवली की हे पाच मिनिटांत कळतं. भार कमी भरला तर पुढे वजनं लावावीत किंवा चाकांवरची, ओढून न्यायची टाकी घ्यावी.

आता हायड्रोस्टॅटिककडे, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्टरकडे वळू. भारतात विकले जाणारे छोटे ट्रॅक्टर जवळजवळ सगळे गिअरचे आहेत. 15 ऑगस्ट 2023 रोजी केपटाउनमध्ये सादर झालेल्या महिंद्राच्या ओजा मालिकेतही इथल्या शेतकऱ्याला बारा पुढचे, बारा मागचे गिअर आणि पुढे-मागे दिशा बदलणारं शटल मिळतं. अमेरिकेत मात्र घराभोवतीचं गवत कापणं, लोडरने माती हलवणं, बर्फ सारणं अशा कामांसाठी हायड्रोस्टॅटिकच जास्त खपतो आणि महिंद्राही तिथे तसे ट्रॅक्टर विकते. हे तंत्र नवं आहे असं मात्र समजू नये. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1967 मध्येच 656 हायड्रो हा शेतीचा ट्रॅक्टर बाजारात आणला होता.

‘हायड्रोस्टॅटिक म्हणजे बिनगिअरची स्कूटर, पेडल दाबा आणि पळा’ ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. आत घडतं ते असं. इंजिन एक पिस्टन पंप फिरवतं. पंपातली तिरकी तबकडी किती कलली आहे, त्यावर दर फेऱ्याला किती तेल ढकललं जाणार ते ठरतं. ते तेल दाबाखाली एका मोटरला फिरवतं आणि मोटर चाकांना. पायाखालचं पेडल इंजिनाला डिझेल देत नाही, ते ही तबकडी कलवतं. इंजिनाच्या फेऱ्या हाताच्या थ्रॉटलने आधीच ठरवलेल्या असतात. पेडल पूर्ण दाबलं की तबकडी जास्त कलते, तेल जास्त वाहतं आणि वेग वाढतो, पण तेवढ्याच दमात चाकाला मिळणारा पीळ घटतो. म्हणून चढावर किंवा ढिगात ट्रॅक्टर दबू लागला, तर पाय उचलायचा असतो. मोटारसायकलवर वाढलेला माणूस नेमकं उलटं करतो. तो आणखी दाबतो, इंजिन गुदमरतं, तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून शिट्टी मारत परततं आणि तापतं. वेगाच्या कमी-जास्त टप्प्यांची दांडी या ट्रॅक्टरलाही असते. जड काम कमी टप्प्यातच करायचं आणि दांडी ट्रॅक्टर उभा असतानाच बदलायची.

दुसरी समजूत याच्या उलट टोकाची, की हायड्रो नाजूक असतो. प्रत्यक्षात तो बिघडतो बहुतेक वेळा उष्णतेमुळे आणि घाणेरड्या तेलामुळे. नव्या ट्रॅक्टरचा पहिला फिल्टर साधारण पन्नास तासांवरच बदलायला सांगतात, कारण सुरुवातीच्या घासणीचे धातूचे कण त्यात अडकलेले असतात. तो खर्च वाचवणं महागात पडतं. तेलही पुस्तिकेत लिहिलेलंच हवं. गिअरच्या ट्रॅक्टरलाही हे लागू आहे. ज्या यंत्रात गिअर, लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक एकाच तेलावर चालतात, तिथे ‘नव्वद नंबर’चं गिअर ऑइल ओतलं की ब्रेक आवाज करतात आणि लिफ्ट जड होते.

शक्ती वाया जाते हा आक्षेप मात्र खरा आहे. दातेरी चाकांमधून जाताना शक्तीचा थोडाच अंश हरवतो, तर तेलातून जाताना पूर्ण लोडवर वीस टक्के किंवा त्याहून जास्त उष्णतेत जातो. म्हणून दिवसभर नांगरट आणि ट्रॉलीची वाहतूक करणाऱ्याने हायड्रोच्या मागे लागू नये. ज्याला मिनिटाला चार वेळा पुढे-मागे व्हायचं आहे, त्याच्या पायाला आणि क्लच प्लेटला तो खरा आराम देतो. पेडल सोडलं की ट्रॅक्टर थांबतो, पण त्यालाच पार्किंग ब्रेक समजू नये. इंजिन बंद झाल्यावर तेल आतल्या आत झिरपतं आणि उतारावर यंत्र हळूहळू सरकतं. बंद पडलेला हायड्रो ओढून न्यायचा असेल तर टप्प्याची दांडी आधी न्यूट्रलला हवी.

गिअरचा ट्रॅक्टर मागासलेला, असं कोणी म्हणालं तर त्याला क्लच कोणता ते विचारावं. खरा फरक तिथे आहे. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. बागेत ओळीच्या टोकाला वळताना गिअर बदलायला गेलं की ब्लोअरचा पंखा मंदावतो आणि पुढच्या वेलींवर फवारा पातळ बसतो. ड्युअल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं थांबतात, पूर्ण दाबल्यावर पीटीओ. स्वतंत्र दांडीने चालणारा पीटीओ असेल तर प्रश्नच मिटला. फवारणी हेच मुख्य काम असलेल्या माणसाने दोन एचपी कमी घ्यावेत, पण क्लच चांगला घ्यावा. आणि घेतल्यावर त्यावर पाय ठेवून चालवू नये. ‘हाफ क्लच’वर वेग सांभाळण्याची सवय प्लेट जाळते. वेग कमी हवा असेल तर खालचा गिअर आहेच.

फेऱ्या कमी ठेवल्या की डिझेल वाचतं, हे अर्धसत्य आहे. रिकामी ट्रॉली नेताना किंवा हलकी कोळपणी करताना वरचा गिअर आणि कमी थ्रॉटल हेच योग्य. पण फवारणीला किंवा रोटाव्हेटरला पीटीओच्या 540 फेऱ्या लागत असतील, तर थ्रॉटल मीटरवरच्या त्या खुणेवरच हवं. ब्लोअरच्या फेऱ्या पडल्या की हवेचा झोत कमी होतो आणि महागडं औषध घडाच्या आत पोहोचतच नाही. तासनतास नुसतं घरघरत ठेवणंही वाईट. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

फोर व्हीलबद्दलही भाबडा विश्वास आहे. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त अंतर कापतील अशीच त्यांची बांधणी असते. ओल्या, मऊ रानात हा फरक घसरणीत जिरतो. डांबरावर तो जिरत नाही, ताण ॲक्सलवर आणि गिअरांवर येतो आणि टायर खरवडले जातात. म्हणून रस्त्यावर फोर व्हील काढावा. उतारावर मात्र ठेवावा, कारण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात आणि फोर व्हील लावलेला असला की पुढची चाकंही रोखली जातात. टायर बदलताना फक्त पुढचे, तेही जरा वेगळ्या मापाचे घालणं, हा गिअरबॉक्सला दिलेला कायमचा त्रास.

किमतीच्या बाजूला दिलासा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत 9 ते 18 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधनं 90 टक्के अनुदानावर मिळण्याची सोय आहे.

छोटा ट्रॅक्टर उलटत नाही, ही समजूत जिवावर बेतते. बागेत मावावा म्हणून त्याची चाकं जवळजवळ आणलेली असतात, त्यामुळे बांध चढताना तो मोठ्यापेक्षा लवकर कलंडतो. दोर किंवा साखळी ड्रॉबारऐवजी वर टॉप लिंकच्या जागी बांधून ओढलं, तर पुढची चाकं उचलून तो मागे पडतो, आणि हे इतक्या वेगाने घडतं की क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. संरक्षक कमान उभी असेल तेव्हा पट्टा लावायचाच. फांद्यांखालून जायला कमान खाली पाडली असेल तेव्हा पट्टा लावायचा नाही, कारण उलटलेल्या ट्रॅक्टरखालून निसटण्याची संधी मग पट्टाच हिरावतो. डावा-उजवा ब्रेक रानात सुटा चालतो, रस्त्यावर दोन्ही पेडल खिट्टीने जोडलेलीच हवीत.

आणि पीटीओ शाफ्टचं प्लास्टिकचं आवरण. ग्रीस भरायला अडचण होते म्हणून ते काढून शेडच्या कोपऱ्यात टाकलेलं गावोगाव दिसतं. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं किंवा पदराचं टोक अडकलं, तर माणसाला ‘थांबव’ म्हणायच्या आत कापड शाफ्टवर गुंडाळलेलं असतं. ग्रीस भरायचं ते इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून. आवरण तुटलं असेल तर नवं आणून बसवेपर्यंत ब्लोअर जोडायचा नाही. ट्रॅक्टर चालवणारा नोकर असेल, तर हे त्याला मालकाने स्वतः शाफ्टजवळ उभं राहून दाखवावं.