ड्रूझांचे रक्षणकर्ते असद? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सीरियातील असद घराण्याची सत्ता ८ डिसेंबर २०२४ रोजी कोसळली, आणि त्यानंतर सात महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, दक्षिणेकडील सुवैदा प्रांतात जो नरसंहार झाला त्यात एक हजाराहून अधिक माणसे, बहुतांशी ड्रूझ या अल्पसंख्य पंथाची, प्राणांस मुकली. नव्या सरकारच्या सैनिकांचाही त्यात हात असल्याच्या साक्षी पुढे आल्या, आणि तेव्हापासून एक विधान सतत कानांवर आदळत आहे : असद हुकूमशहा असतील, परंतु अल्पसंख्याकांना त्यांच्या राज्यात अभय होते. सुशिक्षित आणि सहृदय माणसेही ते निःशंकपणे उच्चारतात, म्हणूनच त्याचा समाचार घेणे अगत्याचे झाले आहे. ते विधान असत्य आहे, आणि ज्या ड्रूझांच्या कळवळ्यापोटी ते केले जाते त्यांच्यावरच ते अन्याय करते.

गैरसमज : असदांच्या राजवटीत ड्रूझ सुरक्षित होते.

या समजुतीच्या पुष्ट्यर्थ तीन गोष्टी सांगितल्या जातात : असद स्वतः अलावी या अल्पसंख्य पंथाचे होते, इसाम झहरेद्दीन यांच्यासारखे ड्रूझ सेनानी त्यांच्या फौजेत मोठ्या हुद्द्यांवर होते, आणि अलेप्पो किंवा होम्सप्रमाणे सुवैदा शहर बेचिराख झाले नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. कारण प्रजेची सुरक्षितता राज्यकर्त्याच्या पंथावरून ठरत नसते, प्रजेने तोंड उघडले असता तो काय करतो यावरून ठरत असते.

वस्तुस्थिती :

सीरियाच्या लोकसंख्येत सुमारे तीन टक्के असलेल्या या समाजाकडे दमास्कसच्या सत्ताधीशांनी असदांच्या आधीपासूनच संशयाने पाहिले. १९२५ साली सुलतान अल-अत्रश यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच अंमलाविरुद्ध जो मोठा उठाव झाला त्याचा आरंभ सुवैदाच्याच डोंगराळ मुलखात झाला होता; असे असूनही स्वातंत्र्यानंतर आठच वर्षांनी, १९५४ च्या प्रारंभी, हुकूमशहा अदीब शिशकली याने त्या मुलखावर तोफा डागल्या आणि स्वातंत्र्यलढ्याच्या त्या सेनापतीला जॉर्डनमध्ये आश्रय घ्यावा लागला.

असदांच्या बाथ पक्षाच्या अमदानीत तोफांचे काम हुकूमनाम्यांनी केले. सप्टेंबर १९६६ मध्ये सलीम हातूम या ड्रूझ अधिकाऱ्याचे बंड फसले, जून १९६७ मध्ये त्याला देहदंड झाला, आणि ड्रूझ अधिकाऱ्यांच्या अटका व बडतर्फी यांचे जे सत्र सुरू झाले त्याने सैन्यातील त्यांचे स्वतंत्र बळ मोडले. ज्यांना यात विरोधकांचा प्रचार दिसत असेल त्यांनी डच मुत्सद्दी निकोलाओस व्हॅन डॅम यांचा सीरियातील सत्तासंघर्षावरील ग्रंथ पाहावा. त्या वेळचे संरक्षणमंत्री असद घराण्याच्या सत्तेचे संस्थापक हाफिज अल-असद होते. पुढे जे ड्रूझ सेनानी दिसतात ते या छाटणीनंतरचे आहेत. त्यांना हुद्दा होता, परंतु आपल्या समाजाच्या वतीने बोलण्याची मुभा नव्हती.

अशी मुभा न मागताच जो बोलला त्याचे काय झाले, हे शेख वहीद अल-बलऊस यांच्या उदाहरणावरून कळते. यादवी युद्ध पेटले असताना त्यांनी ‘रिजाल अल-करामा’ ही संघटना उभारली आणि ड्रूझ तरुणांनी सक्तीच्या लष्करभरतीला नकार द्यावा, आपल्या प्रांताबाहेर जाऊन देशबांधवांवर शस्त्र उचलू नये, असे उघडपणे सांगितले. ४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांच्या मोटारीजवळ स्फोट झाला आणि त्यात ते ठार झाले. जखमींना ज्या रुग्णालयात आणले जात होते त्याच्याजवळ त्याच दिवशी दुसरा स्फोट झाला. एकूण पंचवीसहून अधिक माणसे मेली. सरकारने जबाबदारी नाकारली आणि एका संशयिताची कबुली प्रसिद्ध केली. परंतु सुवैदाच्या लोकांनी आपला निवाडा लगोलग दिला, आणि भर शहरातील हाफिज अल-असद यांचा पुतळा जमीनदोस्त केला.

तीन वर्षांनी याहून भयंकर प्रसंग ओढवला. मे २०१८ मध्ये दमास्कसच्या दक्षिणेकडील यर्मूक भागातून ‘इस्लामिक स्टेट’चे लढवय्ये एका समझोत्यानुसार सुवैदाच्या पूर्वेकडील वाळवंटात हलवले गेल्याची नोंद ‘सीरियन ऑब्झर्व्हेटरी’ या मानवाधिकार संस्थेने केली; सरकारने असा समझोता नाकारला. २५ जुलै रोजी त्याच दिशेने आलेल्या हल्लेखोरांनी पूर्वेकडील गावांत घरोघरी शिरून आणि शहरात स्फोट घडवून दोनशेहून अधिक माणसे मारली. स्त्रिया व मुले ओलीस नेली, आणि उरलेल्या ओलिसांची सुटका व्हायला नोव्हेंबर उजाडला. गावकरी आपल्या बंदुका घेऊन लढत होते तेव्हा सरकारी फौज कोठे होती, हा प्रश्न सुवैदाने तेव्हापासून विचारला आहे, आणि ‘रक्षणकर्त्या’ राजवटीने त्याचे समाधानकारक उत्तर कधीच दिले नाही.

म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये इंधनाच्या अनुदानात कपात झाली तेव्हा सुवैदाच्या चौकात आपला पंचरंगी ध्वज घेऊन उतरलेल्या ड्रूझ स्त्री-पुरुषांनी केवळ भावाची तक्रार केली नाही. हाफिज यांचे पुत्र बशर अल-असद यांनी सत्ता सोडावी अशी त्यांनी मागणी केली, बाथ पक्षाच्या कचेऱ्यांना टाळे ठोकले, आणि राजवट पडेपर्यंत, वर्षभराहून अधिक काळ, निदर्शने चालू ठेवली. ज्यांना अभय मिळालेले असते ती माणसे अभय देणाऱ्याच्या पतनासाठी इतका काळ रस्त्यावर उभी राहत नाहीत.

आता काही किरकोळ समजुती :

‘पुनर्जन्म मानतात म्हणून ड्रूझ मूळचे हिंदू आहेत.’ आपल्याकडे समाजमाध्यमांवर फिरणारी ही समजूत निराधार आहे; हा कट्टर एकेश्वरवादी पंथ अकराव्या शतकात फातिमी खिलाफतीच्या कैरोत, इस्माइली परंपरेतून उदयास आला.

‘ते वासराची पूजा करतात.’ विरोधकांनी शतकानुशतके पसरवलेली ही निव्वळ बदनामी आहे.

‘ते धर्मांतरे घडवून आणतात.’ त्या पंथाचे दार नवागतांना १०४३ पासून बंद आहे.

‘सगळे ड्रूझ इस्राएलच्या पक्षाचे आहेत.’ इस्राएलने १९८१ मध्ये आपल्यात सामील केलेल्या गोलानमधील ड्रूझांनी १९८२ मध्ये दीर्घ संप पुकारला, आणि त्यांतील बहुसंख्यांनी कित्येक दशके त्या देशाचे नागरिकत्व नाकारले.

‘त्यांना छळले ते फक्त सरकारने.’ जून २०१५ मध्ये इदलिब प्रांतातील कल्ब लौझा गावी सरकारविरोधी नुसरा आघाडीच्या बंदूकधाऱ्यांनी किमान वीस ड्रूझांना मारले.

जुलै २०२५ च्या हत्याकांडाचा निषेध करावा, आणि तो निःसंदिग्ध शब्दांत करावा. परंतु आजच्या अपराध्याला दोष देताना कालच्या अपराध्याला निर्दोष ठरवू नये. दोन्ही राजवटींत मेलेली माणसे त्याच सुवैदाची होती, आणि न्याय दोघांकडूनही मागण्याचा अधिकार त्यांच्या वारसांना आहे.