पोटरीचे दुखणे आणि मालीश

गतवर्षी शाळेच्या पटांगणावर मुलांबरोबर व्हॉलीबॉल खेळताना माझ्या उजव्या पोटरीत एकाएकी चमक भरली. तीन आठवडे विश्रांती घेतली. चालणे सुधारले, पण धावू लागताच तीच जागा पुन्हा धरे. चाळिशी उलटलेल्या मास्तराने आता शिट्टी घेऊन कडेला उभे राहावे, असा सल्ला घरातून मिळालाच.

अखेर मालीश करून पाहावी, असे ठरवले. उपचारकांनी तेलाला हात लावण्यापूर्वी दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. श्रोतेहो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पोटरी सुजून गरम लागत असेल, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी चोळणे जिवावर बेतते. आधी डॉक्टरांना पाय दाखवावा.

मग त्यांनी अंगठ्याने तंतूंना आडवा, खोल दाब दिला. आडव्या घर्षणाची ही रीत लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील डॉ. जेम्स सिरिॲक्स यांनी विसाव्या शतकात रूढ केली. जखम भरताना चिकटलेले तंतू त्यामुळे सुटतात, अशी त्यांची धारणा होती. ती पुरती सिद्ध झालेली नाही. वेदना मात्र काही काळ बोथट होते, एवढे खरे.

त्या उसंतीतच व्यायाम करून घ्यावयाचा. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलणे, प्रथम दोन्ही पायांवर, पुढे एकाच पायावर. स्नायू भार पेलूनच बळावतो. ते काम परक्या हाताने होत नाही.

दोन महिन्यांनी मी जाळ्यापाशी परतलो. उडी अजून बेतानेच मारतो.